आघाड्यांची मोजदाद

युद्धाची बातमी वाचण्याची एक रीत आपल्याकडे रूढ झाली आहे. तिच्याविरुद्ध लिहावे असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते. रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात पाच-सहा पुरुषमंडळी जमतात आणि कोण किती किलोमीटर पुढे सरकला, कोणाचे किती रणगाडे जळाले, कोणते गाव कोणाच्या हाती गेले, याची उजळणी सुरू होते. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा त्या बोलण्यात थोडी हळहळ तरी होती. २०२३ च्या ऑक्टोबरात गाझाचे प्रकरण सुरू झाले, तोवर हळहळीची जागा जाणकारीने घेतली होती. क्रिकेटच्या धावसंख्येप्रमाणे आघाड्यांचे आकडे तोंडपाठ असणे हे आता शहाणपणाचे लक्षण समजले जाते. हे शहाणपण आम्हाला मान्य नाही.

वाचकहो, आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. रोजच्या आघाडीवार बातम्यांची बेरीज केली की युद्धाची हकीकत हाती येते, हा समज खोटा आहे. ही बेरीज करताना जे गळते ते किरकोळ नसते. बहुधा तेच आपल्या दाराशी येऊन ठेपलेले असते. आजच्या युद्धांवरून हे दाखविणे अवघड आहे, कारण त्यांची कागदपत्रे अद्याप बंद आहेत. म्हणून जे महायुद्ध संपून आठ दशके लोटली आणि ज्याचा जमाखर्च आता कोणालाही तपासता येतो, ते आम्ही घेतो. आणि ते लंडनहून किंवा मॉस्कोहून न पाहता आमच्या वाशिम जिल्ह्यातून पाहतो.

१९३९ साली वाशिम हा जिल्हा नव्हता. इंग्रजी अमलात बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि पुन्हा वेगळा व्हायला १९९८ चा जुलै महिना उजाडावा लागला. महायुद्धाच्या काळी वाशिम, मंगरूळपीर, रिसोड, कारंजा ही सारी गावे वऱ्हाडातच, पण दूरच्या कचेरीच्या अमलाखाली होती. वर्तमानपत्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येई, रेडिओ एखाद्या सधन घरी. तरीही बातमीची मांडणी तीच होती: उत्तर आफ्रिका, रशिया, इटली, ब्रह्मदेश, पॅसिफिक. ज्याच्या घरी जगाचा नकाशा असे तो त्यावर टाचण्या टोची.

१९४४ च्या मार्चचा अखेरचा आठवडा घेऊ. नकाशावाल्याने त्या आठवड्यात काय केले असते? रशियाच्या आघाडीवर लाल सेना २६ तारखेला प्रुट नदीपाशी, म्हणजे रुमानियाच्या सीमेवर पोचली, टाचणी पुढे. इटलीत कासिनोवरचा तिसरा हल्ला २३ तारखेला थांबविण्यात आला. टाचणी जागच्या जागी. मणिपूरच्या डोंगरांत सांगशाक येथून आपली एक ब्रिगेड २६ च्या रात्री मागे आली, टाचणी मागे. तीन आघाड्या, तीन टाचण्या, आणि नकाशावाला जेवायला बसायला मोकळा.

आता त्या टाचण्यांखाली काय होते ते पाहू. सांगशाकला पन्नासाव्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. उघड्या टेकडीवर, पिण्याच्या पाण्याची टंचाई असताना, विमानातून टाकलेले बरेचसे सामान शत्रूच्या हाती पडत असताना, या माणसांनी जपानी फौजेला जवळजवळ आठवडाभर अडवून धरले. तेवढ्या अवधीत आराकानातून पाचवी हिंदी डिव्हिजन विमानाने इंफाळकडे हलविण्याचे काम पुढे सरकले. कोहिमाचा वेढा एप्रिलच्या प्रारंभी पडला तेव्हा जपान्यांचे मौल्यवान दिवस आधीच वाया गेले होते. हे सारे पुढे अभ्यासकांनी मान्य केले. त्या दिवसांत मात्र ब्रिगेडच्या वाट्याला बोलच अधिक आले. नकाशाच्या दृष्टीने ती माघार होती, आणि टाचणीला मागे किंवा पुढे याखेरीज तिसरी भाषा येत नाही.

कासिनोविषयी तर आम्हा कॅथलिकांना अधिक ठाऊक असायला हवे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात स्थापिलेला तो मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्तांच्या विमानांनी उद्ध्वस्त केला. मठाखालच्या उतारावर चौथी हिंदी डिव्हिजन लढत होती आणि बॉम्बफेकीची मागणी तिच्याच इंग्रज सेनापतीकडून वर गेली होती. मठात जर्मन सैनिक नव्हते. होते ते काही मठवासी आणि आसऱ्याला आलेली शेकडो बायका-मुले, म्हातारी माणसे. त्यांतील अनेक गाडली गेली. ऐंशीच्या घरातले मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे उरलेल्यांना घेऊन दोन दिवसांनी डोंगर उतरले. काही बॉम्ब तर खाली आपल्याच हिंदी सैनिकांवर पडले. आणि मठाचे ढिगारे झाल्यावर जर्मन त्या ढिगाऱ्यांत येऊन बसले, कारण लपायला ढिगारा इमारतीपेक्षा सोयीचा. तीन महिन्यांनी, १८ मे रोजी, ते ढिगारे घेतले पोलिश सैन्याने.

या पोलिश सैनिकांची कथा कोणत्या आघाडीखाली छापावी? १९४० आणि १९४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसे घरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनी रशियावर उलटला, तेव्हा त्यांतील जे जगले होते त्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी उभारलेले त्यांचे सैन्य १९४२ मध्ये इराणात उतरले आणि पुढे इटलीत गेले. बायका-मुलांची पांगापांग झाली. त्यांतील सुमारे पाच हजार माणसे १९४३ पासून कुठे राहिली, तर आपल्या कोल्हापूरजवळ, वळिवडे येथे. तिथे त्यांची शाळा होती, चर्च होते, पोलिश भाषेत भजने म्हटली जात होती. १९४८ पर्यंत ही वसाहत होती. कासिनोच्या उतारावर जे पडले, त्यांतील कित्येकांच्या घरची माणसे पंचगंगेच्या परिसरात, ज्वारीच्या शेतांच्या सोबतीने, पत्राची वाट पाहत होती. रशियाची आघाडी, इटलीची आघाडी, आणि आघाडीच नसलेले कोल्हापूर, असे तीन वेगळे मथळे करून वाचणाऱ्याला ही एकच गोष्ट आहे हे कधी कळणार? मराठी माणसाला वळिवड्याची आठवण मुख्यतः कोल्हापूरकरांनी ठेवली म्हणून राहिली. आमच्या धर्मग्रामांतून, आमच्याच श्रद्धेची ती माणसे असूनही, त्यांचे नाव क्वचितच निघते. याचे आम्हाला वाईट वाटते.

कोणी म्हणेल, हे सारे पुढे कळले, त्या वेळी बातमीदारांना कसे कळावे? ठीक. मग जे मुंबईच्या लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिले त्याचे काय झाले ते ऐका. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडातील बर्केनहेडहून निघाले. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके. कराचीला त्यात कापसाच्या ८,७०० गाठी भरल्या. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात, एकावर एक! १४ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापसाला आग लागली आणि दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले. शेकडो माणसे मेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले; त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आपल्या देशात आजही पाळला जातो. या स्फोटाची तपशीलवार बातमी बाहेरच्या जगाला प्रथम कोणी दिली? जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. आपल्याकडील बातमीदारांना ती बाहेर पाठविण्याची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे जवळजवळ महिनाभर प्रुट नदीची खबर रोजच्या रोज, आणि स्वतःच्या बंदराची खबर शत्रूच्या तोंडून! आणि तरीही ‘आम्ही रोज बातम्या ऐकतो, आम्हाला सर्व ठाऊक आहे’ असे म्हणणारा माणूस त्या काळीही होता, आजही आहे.

कापसाचा विषय निघालाच आहे, तर कारंज्याला येऊ. कारंजा आमच्या जिल्ह्यातले. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने तिथे नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिला बाजार मानला जातो. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी छोटी रेल्वे, जिला पुढे लोक शकुंतला म्हणू लागले, ती कारंज्यावरून जाई. शेतकऱ्याने गाडी भरून कापूस आणावा, अडत्याने हर्रासात भाव काढावा, जीनमध्ये सरकी वेगळी व्हावी, प्रेसमध्ये गाठ बांधली जावी आणि ती गाठ मुंबईच्या वाटेला लागावी, असा तो क्रम. आमचा कापूस आखूड धाग्याचा. परदेशी व्यापारात त्याला उमरावतीवरून ‘ऊमरा’ हे नाव पडले होते. लँकेशायरच्या तलम सुताला तो चालत नसे. त्याचे मोठे गिऱ्हाईक होते जपान. वऱ्हाडातील पेरणीचा आणि ओसाकाच्या गिरण्यांचा असा संबंध होता, आणि त्याची जाणीव शेतकऱ्याला भावापुरतीच होती.

१९४१ च्या जुलैअखेर जपानची मालमत्ता आणि व्यवहार गोठविण्यात आले. डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. नकाशावाल्याने पॅसिफिकमध्ये, हवाई बेटांवर, टाचणी टोचली. घाव मात्र कारंज्याच्या बाजारातही पडला. ज्या वाणासाठी आमची काळी जमीन पिढ्यान्‌पिढ्या राबली, त्याचे गिऱ्हाईकच नाहीसे झाले आणि भाव कोसळले. १९४२ च्या आरंभी सरकारला आखूड धाग्याच्या कापूसवाल्यांसाठी आयात कापसावर ज्यादा जकात बसवून निधी उभा करावा लागला. त्याच वर्षी ब्रह्मदेश पडला, तिकडचा तांदूळ बंद झाला आणि ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम निघाली. कपाशी कमी करा, ज्वारी पेरा, असे शेतकऱ्याला सांगण्यात आले. पुढे कापडाची अशी टंचाई झाली की १९४३ च्या जूनमध्ये कापड आणि सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. ज्याने कापूस पिकविला त्यालाच धोतर आणि लुगडे मिळण्याची मारामार! एका वर्षी कापूस कोणी घेईना, दुसऱ्या वर्षी कापड मिळेना. हे युद्ध नव्हते काय? याला कोणती आघाडी म्हणावे? ज्या बातमीत सिंगापूर पडल्याची तारीख आहे (१५ फेब्रुवारी १९४२) पण कारंज्याचा भाव नाही, ती बातमी वऱ्हाडातील माणसासाठी अर्धीच होती, आणि उरलेली अर्धी त्याला अडत्याच्या ओट्यावर कळली.

आज नावे बदलली आहेत. युक्रेन आणि रशिया यांच्याकडून येणारे सूर्यफुलाचे तेल २०२२ मध्ये अडले, खताच्या किमती जगभर चढल्या, २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातील जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. आमचा जिल्हा आता कपाशीपेक्षा सोयाबीनचा म्हणून ओळखला जातो. तेलाचा बाजार हलला की सोयाबीन हलते, हे शाळकरी पोरही जाणते. तरी आवारातल्या गप्पांत डोनबासचे एखादे खेडे निघते आणि डीएपीचे पोते निघत नाही. त्याहून गंभीर गोष्ट अशी की नोकरीच्या आमिषाने गेलेले भारतीय तरुण रशियाच्या सैन्यात अडकले आणि त्यांतील काही मारले गेले, हे आपल्या सरकारनेही मान्य केले आहे. ती कोणाची मुले होती हे विचारणारा आम्हाला फारसा भेटला नाही. ड्रोन कोणत्या बनावटीचे हे सांगणारे मुबलक भेटले.

आमच्यावर आक्षेप येतील. पहिला असा की आघाडीची बातमी निदान निःपक्षपाती असते. मैल म्हणजे मैल. हे आम्हाला पटत नाही. मैल मोजायला घेतले की मोजणारा नकळत कोणाच्या तरी बाजूला उभा राहतो आणि पुढे सरकणे हे त्याला आपोआप चांगले वाटू लागते. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १ ऑगस्ट १९१७ रोजी लढणाऱ्या राष्ट्रांच्या प्रमुखांना पत्र लिहून त्या पहिल्या महायुद्धाला निरर्थक कत्तल म्हटले, तेव्हा दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर समोरच्याचा पक्ष घेतल्याचा आरोप केला. टाचण्यांच्या नकाशावर त्यांना उभे राहायला जागा नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो आमच्याच सुशिक्षित मंडळींकडून येतो. ते म्हणतात, ही माणसे परक्या सरकारच्या पगारासाठी लढली. १९४२ च्या ऑगस्टात चिमूर आणि आष्टीला आपली माणसे गोळ्या झेलत होती, मग इटलीत पडलेल्यांची आठवण कशाला? आम्हाला या युक्तिवादाची चीड येते. त्या महायुद्धात हिंदी सैन्यात सुमारे पंचवीस लाख माणसे होती. ती का गेली? कोणी पगारासाठी, कोणी घराण्याच्या रीतीने, कोणी दुष्काळाला कंटाळून. कोणी अशासाठी की ज्या समाजाला सैन्याची दारे इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती त्याला ती पुन्हा उघडली. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली आणि तिची दुसरी पलटण पुढे वऱ्हाडाशेजारीच, कामठीला. त्यामागे डॉ. आंबेडकरांचा आग्रह होता. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते त्याला बंदूक आणि हुद्दा मिळाला, यात त्याचा स्वाभिमान नव्हता असे कोण म्हणेल? चिमूरच्या हुतात्म्यांना वंदन करताना कासिनोच्या मृतांकडे पाठ फिरविण्याची सक्ती कोणी केली? एका घरातला एक भाऊ तुरुंगात आणि दुसरा पलटणीत असेल, तर आईने कोणासाठी मेणबत्ती लावायची नाही, ते या विद्वानांनी सांगावे.

खरे सांगायचे तर स्वातंत्र्यानंतर आपल्याला या सैनिकांचे काय करावे ते समजले नाही, म्हणून आपण त्यांना इंग्रजांच्या पुस्तकात सोडून दिले. त्या पुस्तकात ते पलटणींच्या क्रमांकांनी राहिले. यशवंत घाडगे यांना थोडेफार लोक ओळखतात, ते व्हिक्टोरिया क्रॉसमुळे. माणगाव तालुक्यातील पळसगावचा हा नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतील सारे साथीदार मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर ते एकटे त्या गनवर धावून गेले, ती बंद पाडली आणि लगेच गोळी लागून पडले. त्यांना स्वतंत्र थडगेही नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. नामदेव जाधव अहमदनगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीकाठी त्यांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून पाठीवर आणले, आणि मग हाताला जखम असताना मशीनगनच्या जागांवर चालून गेले. ते जगले आणि १९८४ मध्ये वारले. हे दोघे झाले. त्यांच्या शेजारी जे पडले आणि ज्यांना पदक मिळाले नाही, त्यांनाही आई-बाप होते, गाव होते.

एक योगायोग आम्हाला नेहमी छळतो. ज्या १९३९ साली हे महायुद्ध सुरू झाले त्याच साली वाशिमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट सापडले. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सोळाशे वर्षांपूर्वीचे ते दानपत्र आहे. एक गाव दान दिले, आणि ते कोणाकोणाला दिले त्यांची नावे हिश्श्यांसकट तांब्यावर कोरून ठेवली. चौथ्या शतकातल्या दान घेणाऱ्यांची नावे आमच्या मातीने जपली. विसाव्या शतकात याच मातीतून युद्धाला गेलेल्यांची नावे विचारली तर गावात ‘असेल बुवा कोणीतरी’ असे उत्तर मिळते.

आपल्या धर्मग्रामांना नावे लिहिण्याची सवय आहे, आणि ती फार जुनी आहे. बाप्तिस्म्याची वही, विवाहाची वही, दफनाची वही: एकेका ओळीत एकेक माणूस, बापाच्या नावासह. त्या वह्यांत कोणी ‘या वर्षी एकूण मृत इतके’ लिहून थांबत नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या नोंदी पुष्कळशा अशाच आहेत. त्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या सुमारे ८७,००० हिंदी सैनिकांची नोंद त्यांच्याकडे आहे, ती कोणालाही पाहता येते, आणि अनेक नावांपुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आहे. नोव्हेंबर हा आपला मृतांच्या स्मरणाचा महिना. आवारात आघाड्या मोजणाऱ्या मंडळींनी त्या महिन्याचे चार रविवार या नोंदींना द्यावेत आणि आपल्या पंचक्रोशीतील नावे, धर्म न पाहता, उतरवून काढावीत. शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाशिम जिल्हा म्हणून शोधू नये. पलटणीच्या कारकुनाने जिल्हा अकोला लिहिलेला असायचा, किंवा नुसते बेरार. गावांची नावे इंग्रजीत कशीही उमटलेली असतात, तेव्हा ती मोठ्याने वाचून पाहावीत, आणि शक्य तर एखाद्या म्हाताऱ्या माणसासमोर.